अण्णा आरोंदेकरांचं कॅरीतलं गाऱ्हाणं

श्रीरंग खांबेटेने वेन प्रूइट यांची टपालपेटी पाडली तेव्हा त्याच्या एका हातात स्टिअरिंग होतं, दुसऱ्या हातात फोन होता आणि फोनवर महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षा मृणालिनी काकू "मोदक उकडीचे की तळणीचे?" हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारत होत्या. "उकडीचे!" असं त्याने एकदाचं ठासून सांगितलं आणि त्याच ठामपणाने पाय दाबला. मिनीव्हॅन रिव्हर्समध्ये होती. ती ड्राइव्हवेवरून उतरली, रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि समोरच्या घराच्या पेटीला अशी कडकडून भेटली, की पेटी खांबासकट हिरवळीवर आडवी झाली.

अमेरिकेतल्या कॅरीसारख्या गावात टपालपेटी म्हणजे साधीसुधी वस्तू नव्हे. घराबाहेर, रस्त्याच्या कडेला ती खांबावर उभी असते आणि घराचा नंबर, मालकाचं नाव नि थोडीफार अब्रू तिच्यावर रंगवलेली असते. वेनभाऊंच्या पेटीवर त्यांच्या बायकोने स्वतःच्या हाताने लाल कार्डिनल पक्षी काढला होता. शेजारी गवतात एक पाटी रोवली होती, कारण ऑक्टोबरात होणाऱ्या टाउन काउन्सिलच्या निवडणुकीला वेनभाऊ उभे होते. पाटीवर लिहिलं होतं, "वेन प्रूइट. गावाची नीतिमत्ता परत आणू या." पेटी पडली ती एकटी पडली नाही, नीतिमत्तेलाही खाली घेऊन पडली.

श्रीरंगने गाडी पुढे घेऊन आपल्या जागी लावली आणि तो उतरला. त्याची माफी तयार होती. पुण्याचा असूनही तयार होती. तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि बाथरोब घातलेले, हातात कॉफीचा मग धरलेले वेनभाऊ बाहेर आले. त्यांनी पेटी बघितली. पाटी बघितली. मग आकाशाकडे बघितलं.

"दे डिड इट, श्रीरांग," ते म्हणाले. "दे ॲक्च्युअली डिड इट!"

'दे' म्हणजे विरुद्ध बाजूची माणसं, हे श्रीरंगला कळायला दोन क्षण लागले. त्याचं तोंड उघडं होतं. त्या उघड्या तोंडातून "आय डिड इट" बाहेर पडायचं होतं, पण नेमक्या त्याच वेळी त्याला आपलं ग्रीन कार्ड आठवलं. त्या वर्षी, म्हणजे २००७च्या जुलैत, ग्रीन कार्डाचा दरवाजा उघडला, उघडला म्हणेपर्यंत बंद झाला आणि मग कोणाला तरी दया येऊन परत उघडला. त्या फटीतून श्रीरंगने सात वर्षं हातात धरलेला अर्ज कसाबसा आत ढकलला होता. आणि टपालपेटीची मोडतोड हा या देशात केंद्र सरकारच्या कायद्याने गुन्हा आहे, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. 'मुद्दाम केलेली मोडतोड' असं तिथे लिहिलं होतं, पण घाबरलेला माणूस 'मुद्दाम' वगैरे शब्द वाचत नाही.

"टेरिबल," श्रीरंग म्हणाला. "व्हेरी टेरिबल."

वेनभाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "देव तुझं भलं करो. निदान तू तरी शेजारी आहेस!"

श्रीरंग घराकडे वळला. पोर्चमध्ये घडीच्या खुर्चीवर, पायांत लेकीच्या जुन्या स्नीकर्स घालून त्याचे सासरे बसले होते. जगन्नाथ आरोंदेकर. सगळ्यांचे अण्णा. त्यांनी पेटीकडे बघितलं, जावयाकडे बघितलं आणि एस.टी.च्या नोकरीतून उरलेल्या पाच-सात इंग्रजी शब्दांपैकी एक उच्चारला.

"ब्रेकडाऊन."

अण्णा आरोंदेकर हे कणकवलीच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्यांची घोषणा करायचे. स्टँडला लाऊडस्पीकर होता, पण तो वर्षातले आठ महिने बंद असायचा आणि चालू असला तरी अण्णांच्या मूळ आवाजाच्या मानाने किरकोळ वाटायचा. त्यांनी "मालवण!" म्हटलं की मालवणला जायचं नसलेली माणसंही उठून उभी राहायची. एकदा एका आमदारांची गाडी थेट तीन नंबरच्या फलाटावर येऊन उभी राहिली आणि मालवणची बस बाहेर अडकली. ड्रायव्हर, कंडक्टर, हवालदार, सगळे एकमेकांकडे बघत राहिले. अण्णांनी माईक घेतला. "फलाट क्रमांक तीनवर आमदारसाहेबांची गाडी लागली आहे. मालवणला जाणाऱ्या प्रवाशांनी तिच्यात बसून घ्यावं." आणि माणसं बसली की! एक म्हातारी तर कोंबडी घेऊन पुढच्या सीटवर बसली. आठवड्याभरात अण्णांची बदली झाली. निरोप समारंभात भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, "मी खोटी घोषणा केलेली नाय. गाडी फलाटाक लागलेली होती."

असा हा माणूस सहा महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे, सुलेखाकडे आला होता. लेकीने त्यांना समुद्र दाखवला, डोंगर दाखवले, एक भलामोठा मॉल दाखवला. अण्णांना त्यातलं काहीच फारसं पटलं नाही. त्यांना आवडला तो घराच्या कोपऱ्यावरचा चौक. चारी बाजूंनी 'स्टॉप'च्या पाट्या, सिग्नल नाही, पोलीस नाही. गाडी यायची, थांबायची, आधी आलेल्याला आधी जाऊ द्यायची आणि मग आपण जायची. अण्णा रोज सकाळी खुर्ची अशी लावत की चौक सबंध दिसावा, आणि सत्यनारायणाच्या कथेला बसल्यासारखे बसत.

"कोण बगणारा नाय, तरी थांबतत," ते लेकीला सांगत. "सुलू, ह्येका म्हणतत धर्म."

"अण्णा, तिकीट मिळतं ओ नाहीतर," सुलेखा म्हणे. "दंड!"

"दंडाक भिऊन धर्म केलो तरी चलता. आपल्याकडे दंड पण हा आणि धर्म पण हा. पण चौकात दोनय नाय."

रोज फिरायला निघणाऱ्या वेनभाऊंशी त्यांची याच खुर्चीवरून मैत्री झाली. वेनभाऊ चर्चमधले वजनदार गृहस्थ, पोरांना रविवारी नीतिकथा शिकवणारे. ते कठड्याशी उभे राहून जग कसं बिघडत चाललंय ते इंग्रजीत सांगत. टीव्हीवर काय दाखवतात, पोरं कसे कपडे घालतात, पुढारी कसे खोटं बोलतात. अण्णा तेच मालवणीत सांगत. अधूनमधून दोघं एकदमच मान हलवत. श्रीरंगच्या मते तो अमेरिकेत घडलेला एकमेव यशस्वी धार्मिक संवाद होता आणि तो यशस्वी झाला याचं कारण दोघांनाही एकमेकांचं एक अक्षरही समजत नव्हतं.

तर, "ब्रेकडाऊन" म्हणून अण्णा परत चौकाकडे बघू लागले. श्रीरंग त्यांच्या शेजारी उकिडवा बसला.

"अण्णा, तुम्ही पाहिलंत का?"

"मी चौक बगी होतंय."

"मग?"

"चौक बगताना पेटी पण दिसता."

"अण्णा, प्लीज कोणाला बोलू नका हं. माझं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे. फेडरल गुन्हा आहे हा! उद्या मला, सुलूला, तुमच्या नातीला राधिकाला विमानात बसवून परत पाठवतील."

"पेटयेसाठी?"

"पेटीसाठी!"

अण्णांनी चौकातून एक गाडी जाऊ दिली. "मी कोणाक सांगूचंय नाय," ते म्हणाले. श्रीरंगचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच पुढे म्हणाले, "गणपतीत गाऱ्हाणा माका घालूचा असा. ता सोडून."

आता गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगायला हवं. तळकोकणात कुठलंही कार्य असो, सुरुवातीला एक जाणता माणूस सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलतो. काय झालं, काय हवं, काय चुकलं, सगळं. प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्यांनी "होय म्हाराजा!" म्हणायचं, म्हणजे ते म्हणणं सगळ्यांचं झालं. कॅरीच्या मंडळात या वर्षी गाऱ्हाण्याचा मान अण्णांना दिला होता, आणि तो मिळवून दिला होता हौसेने, धावपळ करून, खुद्द श्रीरंगने.

"गाऱ्हाण्यात पेटी कशाला अण्णा? देवाला काय पडलंय पेटीचं?"

"गाऱ्हाण्यात अर्धा सांगूचा नसता, जावयबापू. अर्धा सांगूक आमी काय ऑफिसात असंव?"

मग सुरू झाला श्रीरंगच्या आयुष्यातला सर्वांत धावपळीचा पंधरवडा. पहिल्यांदा त्याने सासऱ्यांना वश करायचं ठरवलं. चाळीस मिनिटं गाडी हाकून तो एका चिनी दुकानात गेला आणि हाताएवढी सुरमई घेऊन आला. अण्णांसमोर ती त्याने अशी ठेवली, जशी लग्नात पैठणी ठेवतात. अण्णांनी सुरमईला डोळे भरून पाहिलं. मग जावयाला पाहिलं.

"श्रावण असा," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातून सुलेखाचं हसणं पाच मिनिटं ऐकू येत होतं. "अरे, तुला कोणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? यार श्रीरंग, लाच देतानासुद्धा कॅलेंडर बघत नाहीस!"

तिकडे वेनभाऊंची पेटी काही उठली नाही. त्यांनीच ती उठू दिली नाही. पडलेली पेटी त्यांनी तशीच ठेवली, भोवती चार खुंट्या ठोकल्या, पिवळी फीत बांधली आणि वर छोटा झेंडा लावला. गावातल्या साप्ताहिकात त्यांचा फोटो आला, पेटीशेजारी गुडघ्यावर बसलेला. "ही केवळ एक पेटी नाही," असं खाली त्यांचं वाक्य होतं. चर्चमध्ये त्यांनी पेटीवर प्रवचन केलं. बाप घरी नसतात, पोरं देवाला भीत नाहीत, शाळेत प्रार्थना नाही आणि परिणामी पेट्या पडतात, असा एकंदर युक्तिवाद होता. श्रीरंग रोज सकाळी रिसर्च ट्रँगलमधल्या कंपनीत कामाला जाताना त्या पेटीवरून जाई. दोन मुलांच्या बापाने आपणच मारलेल्या हुतात्म्याच्या स्मारकावरून जावं तसं त्याला वाटे. म्हणजे मूल एकच होतं, पण भीतीने त्याला सगळं दुप्पट दिसत होतं.

एका पहाटे त्याने धाडस केलं. एक नवीकोरी पेटी, चांगली भक्कम, विकत आणून त्याने वेनभाऊंच्या दारात ठेवली आणि चोरपावलांनी पळून आला. संध्याकाळी वेनभाऊ ती पेटी दोन्ही हातांत उंच धरून प्रत्येक शेजाऱ्याला दाखवत होते.

"निनावी! कोणीतरी निनावी दिली!" त्यांचे डोळे ओले झाले होते. "या गावात अजून चांगली माणसं आहेत, श्रीरांग. त्या गुंडांना हेच उत्तर आहे!"

पुढच्या आठवड्यात नवी पेटीही साप्ताहिकात आली. पडलेल्या पेटीमुळे वेनभाऊंना सहानुभूती मिळाली होती, नव्या पेटीमुळे आशा मिळाली. त्यांच्या पाट्या प्रत्येक हिरवळीवर उगवल्या. खांबेट्यांच्याही. ती सुलेखाने लावली होती, नवऱ्याचा चेहरा बघायला मजा येते म्हणून.

आणि मग मृणालिनी काकूंचा फोन आला. काकू मूळच्या नागपूरच्या. अडचण त्यांच्याजवळ फार वेळ टिकत नसे, आणि अडचणीत आलेला माणूस तर अजिबातच नाही.

"काय रे श्रीरंग, तुझ्या समोरचाच आहे नं तो पेटीवाला? बोलावला त्याला मी गणपतीला. निवडून आला तर पुढच्या वर्षी हॉलचं पाहील नं तो! तू त्याच्याजवळ बस बरं का. सगळं समजावून सांग त्याला इंग्लिशमध्ये. काकांचं गाऱ्हाणंसुद्धा."

"गाऱ्हाणंसुद्धा?"

"गाऱ्हाणंच मुख्य! अन् काकांना फोन दे जरा."

अण्णांनी फोन कानापासून लांब धरला, कारण पलीकडची बाईही त्यांच्याच घराण्यातल्या आवाजाची होती.

"काका, त्या वेनच्या विजयाचं मागाल नं देवाला? दोन शब्द. चारशे लोक 'होय महाराजा' म्हणतील, खूश होऊन जाईल तो."

"बाये, चारशे लोकांका 'होय' म्हणूक लावूचा तर मागणा चारशेंचा होया. तेचो जय तेच्या चर्चात मागांदे."

"अहो पण काका..."

"फोन लेट झालो," म्हणून अण्णांनी फोन ठेवला. हा त्यांचा एस.टी.मधला दुसरा शब्द.

गणपती शनिवारी बसला. भाड्याच्या हॉलमध्ये चारशे माणसं, साडेतीनशे उकडीचे मोदक आणि त्यामुळे पन्नास माणसांचे चेहरे लांब. वेनभाऊ कोट-टाय घालून, कपाळावर कोणीतरी लावलेलं गंध मिरवत पहिल्या रांगेत बसले होते. शेजारी श्रीरंग. रेशमी झब्ब्यात तो आतून भिजून गेला होता. रात्रभर त्याने एकच योजना आखली होती, अण्णा पेटीचं बोलले की आपण भाषांतरात पाऊस मागायचा. नॉर्थ कॅरोलायनात त्या वर्षी दुष्काळच पडला होता, तेव्हा कोणालाही खोटं वाटणार नव्हतं.

अण्णा उठले. ध्वनियोजना सांभाळणाऱ्या पोराने माईक पुढे केला, तो त्यांनी पाहुण्याच्या पोराला दूर सारावं तसा बाजूला केला. गणपतीसमोर उभे राहिले, हात जोडले, आणि आवाज काढला. मागच्या रांगेत झोपलेलं एक तान्हं बाळ जागं झालं आणि रडायचंच विसरलं.

"बा देवा गणपती म्हाराजा! ह्या परमुलखात जी काय तुजी लेकरां जमली हत, तेंची राखण कर म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"जेंचे कागद सरकारात अडाकले हत, ते कागद सोडय म्हाराजा!"

"होय म्हाराजा!!" छताला लटकलेल्या झिरमिळ्या हलल्या. इतका भक्तिभाव त्या हॉलने कधी पाहिला नसावा.

"हे व्हिसाचं वगैरे?" वेनभाऊंनी हळूच विचारलं. श्रीरंगने मान डोलावली. "होय मा-राजा!" वेनभाऊ एकटेच उशिरा ओरडले आणि टाळ्या मिळाल्या.

"जे कोण मॅच बगूक दुकानातसून मोठो टीव्ही हाडतत, आणि मॅच संपली काय 'आवडलो नाय' म्हणान परत करतत, तेंका बुद्धी दी म्हाराजा!"

आता मात्र आवाज निम्म्यावर आला. आदल्याच दिवशी पाकिस्तानबरोबरची मॅच झाली होती आणि कार्यकारिणीतल्या निदान तिघांच्या दिवाणखान्यात टीव्हीचं खोकं न फाडता ठेवलेलं होतं. "होय म्हाराजा" आलं ते बहुतेक बायकांकडून आणि जरा जास्तच उत्साहाने.

"जे थयल्या पुढाऱ्यांका चोर म्हणतत, आणि हय आपल्या नोकरीच्या अर्जात दोन वर्साची सहा वर्सां करतत, तेंका लाज दी म्हाराजा!"

आता फक्त म्हातारी माणसं बोलली. तरुण मंडळी एकाएकी चपला सरळ करू लागली.

"व्हॉट'स दॅट वन?" वेनभाऊ.

"ऑनेस्टी," श्रीरंग म्हणाला. "जनरल ऑनेस्टी."

"आमेन!" वेनभाऊ म्हणाले.

"ही आमची पोरां दोन भाषा शिकतत. तेंका दोनय भाषेत खोटा बोलूक शिकवू नको म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि जी काय लांब थय झुंज चालली हा, थयल्या आवशींचे झिल आणि हयल्या आवशींचे झिल, सगळ्यांका आपापल्या घराक पावय म्हाराजा."

हे अण्णांनी हळू म्हटलं. त्यांचं हळू म्हणजे मागच्या दारापर्यंत. तिथल्या आयांचे मुलगे नि इथल्या आयांचे मुलगे, सगळे घरी पोचू देत, हे श्रीरंगने काही न बदलता वेनभाऊंच्या कानात सांगितलं. वेनभाऊंच्या बहिणीचा मुलगा इराकात होता. गणपतीकडे बघत "होय म्हाराजा" त्यांनी पहिल्यांदा सगळ्यांच्या बरोबरीने म्हटलं.

आणि मग अण्णा जरा वळले. देवाकडे अर्धे, पहिल्या रांगेकडे अर्धे. श्रीरंगने मनातल्या मनात पावसाचं वाक्य जुळवलं.

"बा देवा म्हाराजा! आमच्या ह्या वेनभाऊच्या दारातली पेटी मोडली. कोणी मोडली ता तुका म्हाईत असा, आणि जेना मोडली तेका तर म्हाईत असाच. तेका एकदा तोंड उघडूक धीर दी म्हाराजा!"

"होय म्हाराजा!!!"

सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा होता हे नंतर हॉलमध्ये कितीतरी वेळ चर्चिलं गेलं. तो श्रीरंगचा होता. त्याला म्हणायचं नव्हतं. पण चारशे माणसं एका सुरात गर्जतात तेव्हा आपलं तोंड आपलं राहत नाही.

"माझं नाव ऐकलं मी," वेनभाऊ वाकून म्हणाले. "माझ्यासाठी काय मागितलं त्यांनी?"

श्रीरंगकडे पाऊस तयार होता. 'रेन' एवढा छोटा शब्द. त्याने तोंड उघडलं. समोर अण्णा हात जोडून उभे होते, त्याच्याकडे न बघता. आता ताशा सुरू झाला होता, झांजा सुरू झाल्या होत्या, चारशे माणसं आरतीला उभी राहत होती.

"इट वॉज मी!" तो ओरडला.

"व्हॉट?"

"पेटी! मी पाडली! माझ्या मिनीव्हॅनने! रिव्हर्समध्ये होतो! मोदकांचा फोन चालू होता! नवी पेटीसुद्धा मीच ठेवली!"

वेनभाऊंचा चेहरा सावकाश बदलला, जसा शाळेच्या नाटकात पडदा अडकत अडकत वर जातो. आधी राग. मग गोंधळ. मग त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि श्रीरंगच्या झब्ब्याची बाही धरून त्याला आरतीच्या गर्दीतून मोदकांच्या टेबलामागे ओढत नेलं.

"अजून कोणाला माहीत आहे?"

"माझ्या सासऱ्यांना, बायकोला. आणि..." श्रीरंगने गणपतीकडे बोट दाखवलं.

"हे तिघं पेपरवाल्यांशी बोलत नाहीत ना?"

"नाही. तुम्ही माझ्यावर केस करणार का? माझं ग्रीन कार्ड..."

"केस? मुला, अपघात होता तो! पेटीबद्दल कोण केस करतं?" वेनभाऊंनी एक मोदक उचलला, आख्खा तोंडात टाकला आणि चावता चावता विचार केला. "पण हे बघ. लोक माझ्या बाजूला आले आहेत. त्या पेटीने त्यांच्यात काहीतरी जागं केलंय. चांगलं काहीतरी! आता ते विझवायचं का? निवडणूक होईपर्यंत आपण दोघं गप्प राहू. पुढे मी स्वतः सांगेन. चर्चमध्ये. चांगला किस्सा होईल तो." त्यांनी हात पुढे केला. "डील?"

श्रीरंगने तो हात दोन्ही हातांनी धरला. पंधरवडाभर छातीवर बसलेला हत्ती उठून समोरच्या मखरात जाऊन बसल्यासारखं त्याला वाटलं. हद्दपारी नाही, पोलीस नाही, केंद्र सरकार नाही! त्याने दोन मोदक खाल्ले, मृणालिनी काकूंना वाकून नमस्कार केला, राधिकाला उचलून गरगर फिरवलं ("बाबा, यू आर बीइंग वियर्ड!") आणि घामाने थबथबलेला, तोंडभर हसत तो अण्णांना शोधत निघाला.

अण्णा हॉलच्या बाहेर पायरीवर बसले होते. दुपारच्या उन्हात पार्किंगमधल्या गाड्या चकाकत होत्या. प्रसादाची कागदी थाळी मांडीवर ठेवून ते शांतपणे मोदकाची एकेक पाकळी सोडवत होते.

"अण्णा!" श्रीरंग धप्पकन शेजारी बसला. "सांगितलं मी! सगळं खरं सांगितलं, एका दमात! आणि तुम्हांला खरं वाटणार नाही, ते अजिबात चिडले नाहीत. उलट तेच म्हणाले, निवडणूक होईपर्यंत आपण दोघं गप्प राहू या. त्यांचीच पेटी, त्यांचीच इच्छा, मी काय करणार? आता माझ्याकडून मिटलं ना? आता तरी काही राहिलं नाही ना?"

अण्णांनी मोदक पुरा खाल्ला, बोटं चाटली, थाळीची घडी घातली.

"म्हणजे आता तुमी दोगे झालात."